मातीआडची माया

मृगाचा पाऊस चार दिवस धरून पडला की कोकणातल्या आगरांत माती फुगते. पोफळींच्या बुंध्याशी वर्षभर साचलेला पाचोळा, शेणखत आणि कुजलेल्या झावळ्या मिळून एक काळा, मऊ थर झालेला असतो. त्यात कुदळ मारली तर आवाज होत नाही, ती नुसती आत जाते. अशा वेळी एखाद्या ढेकळाबरोबर लांबट, ओलसर, जांभळट राखी रंगाचा जीव बाहेर येतो. अंगभर कड्या असतात. डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं, हे पहिल्या नजरेत उमगत नाही. तो घाईघाईने पुन्हा मातीत शिरू बघतो, तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "वाळा, वाळा!" आणि कुदळ दुसऱ्यांदा वर जाते.

खरं तर तो वाळा नसतो. कुठलाच साप नसतो आणि गांडूळही नसतो. तो असतो देवगांडूळ, नात्याने बेडकाच्या जवळचा. उभयचरांची आज तीन घराणी जिवंत आहेत: बेडकांचं, सॅलमँडरांचं आणि या बिनपायाच्या, मातीत राहणाऱ्या देवगांडुळांचं. पहिलं घराणं पावसाळाभर गाऊन गाऊन आपलं अस्तित्व सांगत असतं. हे तिसरं मात्र इतकं अबोल आहे, की जगात त्याच्या दोनशेहून अधिक जाती असूनही शिकल्यासवरल्या माणसाला त्याचं नावही ठाऊक नसतं. आपल्या देशात त्यांतल्या चाळीसेक जाती आहेत आणि बऱ्याचशा सह्याद्रीच्या कुशीतल्या.

ओल्या पानावर ठेवून मी एक देवगांडूळ जवळून पाहिलं आहे. हाताला लागलेलं मीठ किंवा कोरडेपणा त्याच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून पान. टाचणीच्या टोकाएवढे डोळे असावेत अशी अपेक्षा असते, पण तिथे काहीच नसतं. सह्याद्रीतल्या बऱ्याच जातींत डोळे हाडाखाली गाडले गेले आहेत, वरून कातडीची अखंड चादर. पण जरा धीर धरून बघत राहिलं, तर नाकपुडीच्या थोडं मागे एक बारीक पांढुरका ठिपका बाहेर येतो, काही क्षण थांबतो आणि आत जातो. पुन्हा येतो. ही त्याची स्पर्शिका. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असं इंद्रिय दुसऱ्या कुणाकडेच नाही. मातीतला वास, ओलाव्यातली चव, जवळून गेलेल्या वाळवीचा माग, हे सगळं ती टिपते आणि टाळूजवळच्या गंधेंद्रियापर्यंत पोचवते.

या ठिपक्याची घडण कळली तेव्हा मी पुष्कळ वेळ त्याच विचारात होतो. दिसणाऱ्या प्राण्यांत डोळा आत ओढून घेणारा एक स्नायू असतो. देवगांडुळात तोच स्नायू आता स्पर्शिका आत ओढतो. डोळा ओला ठेवणारी जी ग्रंथी, तिचा स्राव आता स्पर्शिकेला ओलावा देतो. अंधारात डोळ्याचा उपयोग सरला, पण डोळ्याचं सामान टाकून दिलं गेलं नाही. ते जवळच्या जवळ दुसऱ्या कामाला लावलं गेलं. आफ्रिकेतल्या काही जातींत तर डोळा स्पर्शिकेला चिकटलेलाच आहे; ती बाहेर आली की डोळाही तिच्याबरोबर कवटीच्या बाहेर येतो. निसर्गाच्या काटकसरीचं याहून सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

चालतो कसा हा जीव? नेफ्यात नाडी सरकवताना कापड गोळा होतं आणि पुन्हा ताणलं जातं, तशी काहीशी त्याची चाल. कातडी आणि अंगाभोवतीची स्नायूंची भिंत आतल्या कण्याशी घट्ट जखडलेली नसते. बाहेरचं अंग बिळाच्या भिंतींना धरून राहतं आणि आत कणा वळसे घेऊन गोळा होतो. मग अंगातल्या द्रवावर चहूबाजूंनी दाब पडतो, कणा सरळ होतो आणि डोकं पुढच्या मातीत घुसतं. कवटी भक्कम, हाडं एकमेकांना सांधलेली. भक्ष्य म्हणजे गांडुळं, वाळवी, मातीतले किडे. गांडूळ जबड्यात सापडलं की देवगांडूळ स्वतःभोवतीच गरगर फिरतं आणि घास तोडतं. मगर नदीत जे करते, तेच हे वीतभर जनावर बोटभर रुंदीच्या बिळात करतं.

पण मला या प्राण्याबद्दल लिहावंसं वाटलं ते त्याच्यातल्या आईमुळे.

थंड रक्ताच्या, सरपटणाऱ्या, बुळबुळीत जीवांना माया नसते, अशी आपली समजूत असते. माया म्हटली की आपल्याला गाय-वासरू आठवतं, पिल्लाला पोटाशी धरलेली माकडीण आठवते. पाउल आणि फ्रिट्झ सारासिन या दोघा स्विस चुलतभावांनी 1880च्या दशकात सिलोनमध्ये तिथल्या देवगांडुळांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना ओढ्याकाठच्या ओल्या बिळात अंड्यांच्या घोसाभोवती वेटोळं घालून बसलेली मादी आढळली. त्यांनी अंड्यातल्या गर्भांची चित्रं काढून ठेवली आहेत. त्या गर्भांना पिसांसारखे नाजूक कल्ले असतात. अंड्यातून बाहेर येण्याच्या सुमारास ते गळतात. पिल्लं पाण्यात जातात, काही काळ पाण्यात वाढतात आणि मग आयुष्यभरासाठी मातीत येतात. आपल्या सह्याद्रीतल्या काही जातींचं जगणंही असंच, पाटाच्या नि ओहोळाच्या काठाने चालतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत हे सगळं मी आमच्या आगरात कामाला येणाऱ्या मावशींना सांगत होतो. आई अंडी सोडून हलत नाही म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग तोवर ती बाय खाते काय?"

जवळजवळ काहीच नाही, मी म्हटलं.

"बाळंतीण आणि उपाशी?" त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांना ते पटेना. मग त्यांनी आपल्या पहिलटकरणीच्या दिवसांतलं अळीव, खसखस आणि आईने धाडलेल्या डिंकाच्या लाडवांचं सगळं सांगितलं. बोलताना त्यांनी त्या मातीतल्या बाईला सहज बायकांत धरलं होतं.

पुढचं जे आहे ते मी त्यांना थोडं भीतभीतच सांगितलं. केनियातल्या ताइता डोंगरांत एक जात आहे. तिची पिल्लं आईचं कातडं खातात. 2006 मध्ये हे शास्त्रज्ञांनी जगापुढे ठेवलं. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात त्या काळात आईच्या त्वचेचा वरचा थर जाड होतो, स्निग्ध पदार्थांनी भरतो, रंगही फिकटतो. पिल्लांना त्यासाठी खास दात येतात, मोठेपणी असतात त्यांहून वेगळे. ती आईच्या अंगावर चढून तो थर सोलून खातात. आई शांत पडून असते. खाली नवी त्वचा भरत राहते, पिल्लांची लांबी वाढत जाते आणि आईचं वजन घटत जातं.

मावशींना यात भयंकर असं काही वाटलं नाही. अंगावर पाजणं म्हणजे तरी काय, असं त्या म्हणाल्या.

त्यांच्या त्या बोलण्याला विज्ञानाने फार लांबून दुजोरा दिला आहे. ब्राझीलमध्ये काळपट निळ्या अंगावर फिकट कडी असलेलं एक देवगांडूळ कोकोच्या बागांमधल्या मातीत राहतं. तिथलीही पिल्लं आईची त्वचा खातात, पण ते जेवण रोजचं नसतं, अधूनमधूनच मिळतं. तेवढ्यावर ती इतकी झपाट्याने कशी वाढतात, हे कोडं होतं. साव पावलोच्या बुटांटान संस्थेतल्या कार्लोस जारेद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई आणि पिल्लांवर दिवसरात्र कॅमेरे रोखले. 2024 मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. पिल्लं आईच्या शेपटाकडच्या टोकाशी जमतात, तिथे डोकी घुसळतात, बारीक चिवचिवाटासारखा आवाज करतात. आई अंगाचं ते टोक उचलते आणि तिच्या अंडनलिकेतल्या ग्रंथींतून स्निग्धांश आणि शर्करा असलेलं दूध पाझरतं. दिवसातून अनेकदा. पहिल्या आठवड्यातच पिल्लांचं वजन दुपटीच्या पुढे जातं. दूध ही सस्तन प्राण्यांची मिरास असल्याचं आपण शाळेपासून घोकत आलो; अंडी घालणाऱ्या, बिनपायाच्या, जवळजवळ आंधळ्या आईने तेच दूध आपल्या वाटेने, आपल्या अंधारात शोधून काढलं आहे. आणि पिल्लं ते मागतात. मागितल्यावर आई देते. मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते हे मागणं.

ब्राझील झालं, केनिया झालं. पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं डोर्ले गाव या गोष्टीत कुणाच्या मागे नाही. 2003 मध्ये या गावातून देवगांडुळाची एक नवी जात जगाला कळली आणि देवगांडुळांचा अभ्यास केलेल्या बी. आर. शेषाचार यांचं नाव तिला दिलं गेलं. पुढे 2008 मध्ये डेव्हिड गोवर, वरद गिरी आणि पुण्याचे महेश धरणे, योगेश शौचे यांनी दाखवून दिलं, की ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. आशियातल्या उभयचरांत असं पहिल्यांदाच आढळत होतं. नारळी-पोफळीच्या, जांभ्याच्या मुलखातला हा मान. डोर्ल्यात त्याची पाटी कुठे लागलेली असेल तर मला ती बघायला जायला आवडेल.

अशी गावं आणखीही आहेत. खंडाळ्यातली जात 1960 मध्ये एडवर्ड टेलर यांनी नोंदवली. तिच्याच कुळातली आणखी एक जात कोयनेजवळच्या हुंबरळीतून 2004 मध्ये पुढे आली आणि तिच्या शास्त्रीय नावात महाराष्ट्र आला. आंबोलीच्या जातीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचं नाव आहे. गोव्यात सत्तरीतल्या केरीच्या जातीला गोव्याचंच नाव मिळालं. या शोधांना दुर्बीण लागली नाही, बर्फ तुडवावा लागला नाही. कुणीतरी पावसात उकिडवं बसून दगड उलटला, पाचोळा हाताने सारला आणि पाहिलं.

आणि या जिवांची सोयरीक बघा. खंडाळा, हुंबरळी, डोर्ले इथल्या देवगांडुळांचे अगदी जवळचे नातलग हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर राहतात. समुद्राचं खारं पाणी उभयचरांना मानवत नाही, त्यामुळे कुणी पोहून गेलं असेल याचा संभव फार कमी. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं एके काळी भारताच्या भूमीला जोडलेली होती. दख्खनवर लाव्हा उसळत होता त्या सुमारास, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ती सुटली आणि तिथेच राहिली. आपण उत्तरेला सरकत आलो. लाव्हा न पोचलेल्या कुठल्या तरी ओल्या मातीत इकडच्यांचे पूर्वज टिकले असणार. सह्याद्रीचा काळा पाषाण निवून त्याची माती होण्याच्या आधीपासून ही मंडळी आहेत.

आता त्यांच्या वाट्याला येतं ते दुसऱ्यांदा वर गेलेल्या कुदळीचं पातं. भीतीने मारणाऱ्याला मी दोष देणार नाही. फुरशाच्या मुलखात अंधारात वळवळणाऱ्या जिवावर घाव घालावासा वाटणं स्वाभाविक आहे. ओळख झाली की हात थांबतो, हे मी आमच्याच आगरात पाहिलं आहे. जेसीबीचं तसं नाही. आंबा-काजूच्या लागवडीसाठी डोंगराची उतरण पायऱ्यापायऱ्यांनी कापली जाते, वरची सगळी सुपीक माती एका दिवसात खाली ढकलली जाते, उघडी पडलेली लाल भिंत मेपर्यंत कडक वाळते. वाघासाठी आपण जंगलाच्या सीमा आखतो, पक्ष्यांसाठी पाणथळ जागा राखतो. वीतभर खोल पसरलेल्या ओल्या मातीला मात्र अधिवास मानायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. जगातल्या पुष्कळशा देवगांडुळांच्या नावापुढे संवर्धनाच्या यादीत 'माहिती अपुरी' एवढाच शेरा आहे.

शाळेच्या पुस्तकात बेडकाचं चित्र असतं. अंड्यापासून डराँवपर्यंतच्या त्याच्या सगळ्या अवस्था असतात. त्याच्या शेजारच्या पानावर पिल्लांभोवती वेटोळं घालून पडलेल्या देवगांडुळाचं चित्र छापावं आणि खाली गावांची नावं द्यावीत: खंडाळा, हुंबरळी, आंबोली, डोर्ले, केरी. त्या त्या गावातल्या पोरांनी आपल्या गावाच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी.