दोन जाकिटं

2025 च्या जानेवारीत पुण्याचा भाचा गोंडपिपरीला आला तो हवा भरायची कयाक पाठीवर घेऊनच. "आत्या, वैनगंगेतून मार्कंड्याची देवळं पाहायला जाऊ," म्हणाला. मला संतापच आला. गणपूरच्या बायांचा डोंगा याच नदीत उलटला, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. मिरची तोडायला चंद्रपूरच्या बाजूला निघाल्या होत्या. सहा जणी गेल्या. त्या पाण्यात हौसेनं फिरायचं? तसं मी त्याला तोंडावर बोलले. तरी गेले.

आमचा तालुका वर्धा आणि वैनगंगेच्या बेचक्यात. पुढे दोघी मिळून प्राणहिता होते. रस्त्यानं मार्कंड्याला जायचं तर आष्टीचा पूल, चामोर्शी असा वळसा. आम्ही गाडीनं अलीकडच्या घाटावर उतरलो. भाचा पंप मारत होता आणि पलीकडून मजुरांचा डोंगा आला. लाकडाची कड पाण्याच्या जेमतेम वीतभर वर. आत दहा-अकरा बाया, मांडीवर शिदोरी, एकमेकींना टेकून, न हलता बसलेल्या.

उतरल्यावर एक मावशी आमच्यापाशी थांबली. रेतीवर दोन केशरी जाकिटं पडली होती. तिनं एक उचललं, दाबून पाहिलं.

"हे घातलं तं बुडत नाही का जी?"

"नाही मावशी."

"केवढ्याचं होय?"

"बाराशेचं."

ती काही बोलली नाही. पट्ट्याचा चाप एकात एक बसवला. टक् वाजलं. सोडवला, पुन्हा बसवला. मग जाकीट होतं तिथं, होतं तसं ठेवलं आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला वं, उशीर होते." मिरच्यांच्या तिखटानं तिच्या बोटांची टोकं सोललेली होती.

मी तिच्यासमोर ते जाकीट अंगात घातलं. ते अजून मला सोसत नाही.

अपघातानंतर डोंगे बंद करा म्हणणाऱ्यांत मीही होते. आज म्हणणार नाही. रोजीसाठी नदी ओलांडणाऱ्या बाईचा डोंगा बंद केला तर तिनं चामोर्शीवरून कशानं यायचं, त्या गाडीभाड्यात मजुरीतलं काय उरायचं? सहलीच्या बोटीत जाकिटाशिवाय बसू देत नाहीत. मग मजुरांच्या प्रत्येक डोंग्यात माणशी एक जाकीट का नको? ग्रामपंचायतींनी ही मागणी लावून धरली पाहिजे, आणि मिरचीवाल्या शेतकऱ्यांनीही. माल त्यांचा तोडला जातो.

आणि खरं सांगायचं तर पाण्यावर मला फार आनंद झाला. तळाची रेती दिसत होती, तिच्यावर पाण्यानं पाडलेल्या चुण्या दिसत होत्या. चक्रवाकांची जोडी ओरडत उठली. मार्कंड्याला नदी उत्तरवाहिनी होते, आणि देवळं पाण्यातून पाहिली की काठातूनच उगवल्यासारखी वाटतात. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं दीडशे वर्षांपूर्वी पाहून नोंदवलेली हीच ती. जवळ गेल्यावर भिंतीवरच्या नर्तिका, त्यांच्या कमरेचे बारीक घुंगरू मोजता येतात. भाचा तिथून हलेना. मार्कंडेयाला न्यायला यम आला आणि पिंडीला मिठी मारलेल्या पोराला शंकरानं सोडवलं, ही गोष्ट मी त्याला सांगायला घेतली. लहानपणी आईनं याच काठावर मला सांगितली होती. मला ती पुरी करता आली नाही.

परतल्यावर भाच्यानं स्वतःहून दोन्ही जाकिटं डोंगेवाल्या भाऊंना दिली. भाऊंनी दोन्ही हातांनी घेतली.

महाशिवरात्रीच्या आधी मी पुन्हा त्या घाटावर गेले. डोंगा भरून आला. एकीच्याही अंगात जाकीट नव्हतं. माझा आवाज चढला. भाऊंनी मला घरी नेलं. जाकिटं खुंटीला टांगलेली, वरून प्लास्टिकची पिशवी घातलेली.

"जाकिटं दोन हायेत, बाई," ते म्हणाले. "बाया अकरा. कोणाले देऊ?"