नाव नसलेले पदक

नोकरीनिमित्त अल्लीपूरला बिऱ्हाड हलविले तेव्हा आमच्या सामानात चांदीचे एक पदक होते. एका बाजूस पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्या मुकुटधारी प्रतिमा, दुसऱ्या बाजूस फारसी मजकूर. फीत गर्द निळी, मधोमध दोन बारीक लाल रेघा. आमचे पणजोबा लष्करी बँडमध्ये कॉर्नेट वाजवीत आणि १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीच्या राज्यारोहण दरबारात वाजवून त्यांनी ते मिळविले, अशी घरातील कथा. वसईच्या चुलत घराण्याचे म्हणणे वेगळे : पदक धाकट्या भावाचे, म्हणजे त्यांच्या पणजोबांचे, आमच्याकडे ते केवळ ठेव म्हणून आले. या एका चकतीपायी दोन घरांतील लग्नाची आमंत्रणे बंद झाली होती.

अल्लीपुरात शेजारच्या वृद्ध मौलवीसाहेबांना आम्ही तो मजकूर दाखविला. चष्मा पुसून त्यांनी वाचला आणि म्हणाले, "यात दरबार आहे, बादशहा आहे. तुमचे पणजोबा कुठे आहेत?"

खरेच, कडेवरही नाव नव्हते. पुढे वाचनात आले की, ही पदके सरकारने नावे न कोरताच दिली. राजेरजवाड्यांना सोन्याची, इतरांना चांदीची. चांदीची २६,००० हून अधिक, आणि तीही केवळ दिल्लीस हजर असलेल्यांनाच नव्हे. म्हणजे पणजोबा दिल्लीस गेले होते, एवढेसुद्धा त्यावरून सिद्ध होईना!

धातूवर कोरलेले खरेच असते, असे आम्ही समजत होतो. पण सातव्या एडवर्डचे पदक पाहावे. छातीवर लावावयाचे इंग्लंडचे पहिले राज्याभिषेक-पदक ते. त्यावर तारीख २६ जून १९०२. ऐन वेळी राजास आंत्रपुच्छाचा विकार जडला, शस्त्रक्रिया झाली आणि सोहळा ९ ऑगस्टला पार पडला. पदके मात्र जुन्याच तारखेची राहिली. न घडलेला दिवस लोकांनी छातीवर मिरविला.

शिवरायांच्या ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाची खूण नाण्यांत उरली : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. शिवराई मीठमिरचीच्या बाजारात चालली, हातोहात झिजली. तिच्यावरून भावकीत अबोला धरल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

गेल्या नाताळात आम्ही वसईस पत्र घातले. मौलवीसाहेबांचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला आणि पदक तुमच्याकडे पाठवितो, असे कळविले. आठवड्याने उत्तर आले : "पदक तिथेच असू द्या. कॉर्नेट आमच्याकडे आहे. मे महिन्यात मुलांना घेऊन या."