काच निवू द्यावी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्र

तीर्थस्वरूप अण्णांस,


काल मी पहिल्यांदा काच फुंकायला शिकले. हे सगळ्यांत आधी तुम्हालाच कळवावंसं वाटलं. ओगलेवाडीच्या कारखान्यात कंदिलाच्या काचा करण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली. तुमच्या हातांवरचे भाजल्याचे डाग बघत मी वाढले, पण ते काम कसं असतं, हे एकदाही विचारलं नाही.

इथून गाडीने चारेक तासांवर, न्यूयॉर्क राज्यात, कॉर्निंग नावाचं काचेचं गाव आहे. काचेचं मोठं संग्रहालय तिथे १९५१ पासून आहे आणि नवशिक्यांना शिकवणारी भट्टीही आहे. दिवाळीत फोनवर तुमच्याशी बोललेली माझी मैत्रीण आठवते ना? तिनेच दोघींची नावं नोंदवली होती. मध्यंतरी आमचं बिनसलं होतं, चार महिने बोलणं बंद होतं. मग तिने ‘सॉरी’ लिहून पाठवलं, मीही लगेच तसंच लिहिलं आणि विषय मिटला असं दोघी धरून चाललो. गाडीत मात्र हवापाण्यापलीकडे बोलणं गेलं नाही.

भट्टीचं तोंड उघडलं आणि अण्णा, पापण्यांपर्यंत धग आली. आत अकराशे अंशांहून जास्त तापलेली काच. पोलादी फुंकणी तीत बुडवून फिरवली की टोकाला गोळा धरतो, आपल्याकडच्या गुऱ्हाळातल्या घट्ट काकवीसारखा. मग तो निळ्या काचेच्या चुऱ्यात घोळवायचा आणि पुन्हा तापवायचा. फिरवणं एक क्षणही थांबवायचं नाही, थांबलं की काच खाली ओघळलीच.

मी बाकावर बसून फुंकणी फिरवत होते, ती दुसऱ्या टोकाशी वाकून फुंकत होती. मला वाटायचं, या कामात सगळा जोर छातीचा. पण फुंकर बारीकच लागते. फुंकायचं आणि लगेच अंगठ्याने भोक बंद करायचं; कोंडलेली हवा तापून स्वतःच पसरते आणि लाल गोळ्यात बुडबुडा उमलतो. फुंकणारीला मात्र त्या टोकाकडून काच किती फुगली ते नीट दिसत नाही. ती माझ्या शब्दावर फुंकत होती. ‘फुंक.’ ‘थांब.’ ‘हलकेच.’ चार महिन्यांत आम्ही एकमेकींचं इतकं लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं.

मधेच बुडबुड्याकडे बघता बघता माझा हात थांबला आणि गोळा एका अंगाला लोंबला. मला रडू यायचं बाकी होतं. शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे तो पुन्हा तापवायला लावला. तापली की काच सावरता येते, फक्त फिरवत राहायचं. मग ओल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर काच घोटली. वाफ, जळक्या कागदाचा वास, आणि तळहाताखाली हळूहळू गोल होत जाणारा आकार.

पेला झाला, पण हातात मिळाला नाही. तो सुमारे पाचशे अंशांच्या दुसऱ्या भट्टीत गेला, रात्रभर हळूहळू निवायला. काच झटकन गार झाली तर वरचा थर आधी आवळतो, आत मात्र धग असते. पुढे आतलं निवून आकसू लागलं की दोन्हींत ताण राहतो, आणि धड दिसणारी काच कधीतरी आपसूक तडकते. वीज गेलेल्या एका रात्री माझ्या ओल्या हाताचं पाणी कंदिलाच्या तापल्या काचेवर पडलं होतं, आठवतं? काच तडकली. तुम्ही रागावला नाहीत, एवढंच म्हणालात, “काच निवू द्यावी, मग हात लावावा.”

काल रात्री मुक्कामाच्या खोलीत आम्ही पहाटेपर्यंत बोललो. आमचा ‘सॉरी’ असाच वरवर गार झालेला होता. तिने तिची धग काढली, मी माझी. मधे गप्प बसलो, पुन्हा बोललो. घाई केली नाही.

आज सकाळी संग्रहालयात पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी १९३४ मध्ये ओतलेली काचेची पहिली तबकडी पाहिली. पाच मीटरांहून रुंद आहे. ओतताना साच्यातले ठोकळे सुटून वर आले आणि ती वाया गेली. त्याच वर्षी दुसरी ओतली, आणि तिला निवायला सुमारे दहा महिने दिले. तीच पुढे दुर्बिणीचा आरसा झाली. फसलेली पहिलीही त्या लोकांनी जपून, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आहे.

आमचा पेला एका बाजूला जरा जाड आहे, माझा हात थांबला होता तिथे. सध्या तो तिच्याकडे आहे, पुढच्या महिन्यात माझ्याकडे येईल.

अण्णा, इतकी वर्षं आम्ही म्हणायचो, ‘आमचे अण्णा काच फुंकायचे.’ जणू तुम्ही एकटेच फुंकत होतात. तुमच्या जोडीला कोण असायचं? ‘थांब’ कोण म्हणायचं? त्यांचं नाव मला कळवा.

काकूला नमस्कार.

तुमची,
छोटी