आमचो नूतन

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी हसलेच. दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. घरी मालवणी, शाळेत इंग्लिश, आणि मराठी फक्त पेपरापुरतं! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालून वाचा. विषय मात्र मी पूर्ण अभ्यासलेला आहे. एम-थ्रीपेक्षा तर नक्कीच जास्त.

विषय आहे आमचा कुत्रा.

पाचव्या सेमिस्टरची परीक्षा संपवून मी घरी ओरोसला गेले, तर खळ्यात एक तपकिरी गोळा झोपलेला. चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग. शेजारच्यांच्या कुत्रीचं पिल्लू, वय साधारण अडीच महिने, जात शंभर टक्के गावठी. मी इंजिनिअरिंगला शोभेल असं नाव ठेवलं, न्यूटन. आजीने दोनदा म्हणून बघितलं आणि तिसऱ्यांदा जाहीर केलं, "नूतन!" दुसऱ्या दिवशी मासेवालीसुद्धा विचारत होती, "तुमचो नूतन खय?" जनावरांच्या दवाखान्यातल्या कार्डावरही तेच नाव लागलं. मी वाद घातला नाही. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, पुढे मुख्यालय आमच्याकडे आलं आणि गाव कागदावर सिंधुदुर्गनगरी झालं. आजीच्या तोंडी अजून ओरोसच आहे. गावाला दोन नावं चालतात तर कुत्र्याला का नाही?

सुट्टी चार आठवड्यांची. मी ग्राफ पेपरवर चक्क शेड्यूल केलं. पहिला आठवडा 'सिट', दुसरा 'स्टे', तिसरा 'कम', चौथा रिव्हिजन. शू-शीची सवय पहिल्या तीन दिवसांत. कपाटाच्या दारावर चार्ट चिकटवला. आजीने चष्म्यातून तो बघितला आणि म्हणाली, "अगो, तेचे दुधाचे दात अजून पडूक नाय आणि तू तेका शाळेत घालतंस?"

मी ऐकलं नाही. शाळेत सिस्टर आम्हाला शिकवायच्या तसंच मी त्याला शिकवायला लागले. आवाज चढवून, बोट दाखवून, इंग्लिशमध्ये.

तिसऱ्या दिवसाची शू-शीची डेडलाईन नूतनने पडवीत, स्वयंपाकघरात आणि माझ्या सॅकवर अशी तीन ठिकाणी साजरी केली. नंतर कळलं की पिल्लू किती वेळ धरून ठेवू शकतं याचा एक ढोबळ हिशोब असतो. जितक्या महिन्यांचं पिल्लू, साधारण तितके तास, फार तर एखादा जास्त. अडीच महिन्यांच्या जिवाकडून मी रात्रभराची अपेक्षा करत होते! तो हट्टी नव्हता, त्याची टाकीच लहान होती. त्याला उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच खळ्याच्या कडेला न्यायचं असतं, म्हणजे शिकायचं काम आधी आपलं.

चावण्याचंही तसंच. कुत्र्याच्या पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात. साधारण चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि त्यांच्या जागी बेचाळीस पक्के दात येतात. तोपर्यंत पिल्लू जग तोंडानेच समजून घेतं. नूतनने बाबांची चप्पल, आजीची सूप आणि माझी एम-थ्रीची वही समजून घेतली.

आणि इथेच माझी मोठी चूक झाली. वही फाटलेली बघितली तेव्हा तो लांब काजूखाली खेळत होता. मी दारातून हाक मारली, "न्यूटन, कम!" बिचारा कान उडवत, शेपटी हलवत धावत आला. मी गुंडाळलेल्या पेपराने त्याला फटका दिला. चपलेच्या वेळी तसंच. सुपाच्या वेळी तसंच. मला वाटलं, त्याला गुन्हा आणि शिक्षा कळली.

कंट्रोल सिस्टिम शिकलेल्या मुलीला खरं तर कळायला हवं होतं. फीडबॅक उशिरा आला की सिस्टिम बिघडते. पिल्लाच्या बाबतीत शाबासकी असो की नाराजी, ती एक-दोन सेकंदांत पोचली तरच त्या कृतीशी जोडली जाते. वही फाडून अर्धा तास झाला होता. फटक्याच्या आधीची त्याची शेवटची कृती कोणती? माझ्याकडे येणं! मी त्याला तीन फटक्यांत पक्कं शिकवलं होतं की 'कम' म्हणजे मार.

त्याचा निकाल तिसऱ्या आठवड्यात लागला. संध्याकाळची वेळ, कोणीतरी फाटक उघडं ठेवलेलं. नूतन बाहेर पडला आणि पाणंदीतून थेट हायवेच्या दिशेने. आमच्या घरापासून मुंबई-गोवा हायवे हाकेच्या अंतरावर आहे. चौपदरी झाल्यापासून गाड्या कशा जातात ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. मी मागे धावले. तो रस्त्याच्या कडेला उभा. मी जीव खाऊन ओरडले, "न्यूटन, कम!"

त्याने वळून बघितलं. कान खाली गेले, शेपटी पोटाखाली गेली. आणि तो मागे सरकला. रस्त्याच्या दिशेने! मी एक पाऊल पुढे टाकलं की तो एक पाऊल मागे. पलीकडून एका कंटेनरचा हॉर्न ऐकू आला. माझ्या हातापायांतलं बळच गेलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "यू यू यू यू... ये माझ्या राजा." आजी. हातात भाकरीचा तुकडा, अनवाणी, धापा टाकत. नूतन माझ्या बाजूने मला वळसा घालून गेला आणि तिच्या पायांत शिरला. कंटेनर निघून गेला.

आजी काहीच बोलली नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

आमच्या इथे एक काका राहतात, पूर्वी पोलिसांच्या श्वान पथकात होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. चार्टसुद्धा दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गो, तू तेका हाक मारतंस ती जवळ घेवक, की मारूक?"

मग त्यांनी झंजीरची गोष्ट सांगितली. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला हा लॅब्रॅडॉर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुडकून काढलं. जन्म जानेवारी १९९२ चा. पुण्यात शिवाजीनगरला सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो शिकला आणि पथकात रुजू झाला डिसेंबर १९९२ च्या अखेरीस. म्हणजे निवडून घेतलेला कुत्रा, शिकवायला पोलीस खात्यातले तज्ज्ञ, तरी पहिल्या ड्युटीपर्यंत वय जवळजवळ वर्षाचं! आणि माझं काय? विद्यार्थी अडीच महिन्यांचा, शिक्षिका स्वतः केटीवाली, मुदत चार आठवडे.

काकांनी नवीन अभ्यासक्रम दिला. एका वेळी पाचच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा, कारण माझं 'कम', आईचं 'ये रे', बाबांची शिट्टी आणि आजीचं 'यू यू' यातलं त्याने काय काय लक्षात ठेवावं? 'कम' रद्द झालं, ते नासलं होतं. आजीचं 'यू यू' सर्वानुमते पास झालं. कमरेला विहिरीचा जुना दोर, हातात काटे काढलेल्या उकडलेल्या बांगड्याचे बारीक तुकडे. आला की लगेच तुकडा आणि शाबासकी. आणि नियम नंबर एक: बोलावल्यावर आला तर काही झालं तरी ओरडायचं नाही. मग त्याने मधल्या काळात घर का जाळलेलं असेना!

एका संध्याकाळी बाबा पडवीत बसून हे बघत होते. नूतन वाटेत माझा दुपट्टा तोंडात धरून, फाडत-फाडतच आला. मी त्याला तुकडा दिला. बाबा म्हणाले, "अगं, त्याला ओरडत का नाहीस?"

मी सहज बोलून गेले, "आला की ओरडलं, तर पुढच्या वेळी येत नाही, बाबा."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग पेपर उघडून बसले.

आता एक कबुली. एम-थ्री गेल्यापासून हॉस्टेलवर बाबांचा फोन आला की मी तो वाजू द्यायचे. उचलला की पहिला प्रश्न, "एम-थ्रीचं काय?" आणि पुढची वीस मिनिटं ठरलेली. मग नेटवर्क नव्हतं, लॅबमध्ये होते, फोन सायलेंटवर होता... हॉस्टेलमधल्या माझ्या मैत्रिणींना ही यादी पाठ आहे, कारण बऱ्याचशा सबबी त्यांच्याकडूनच उसन्या घेतल्या आहेत. हायवेच्या कडेला नूतनचे कान खाली गेले तेव्हा मला ते ओळखीचे का वाटले, ते नंतर कळलं.

हॉस्टेलवर परत आल्यावर तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मी बघत राहिले. शेवटच्या रिंगला उचलला.

"जेवलीस?" बाबांनी विचारलं. मग नूतनला रेबीजची लस दिल्याचं सांगितलं. आजीच्या सुपाचं सांगितलं, दुसऱ्या. पाच मिनिटं झाली तरी एम-थ्रीचं नाव नाही. शेवटी मीच म्हणाले, "बाबा, पेपर ठीक गेलाय, पण खात्री नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "निकाल लागला की फोन कर. काही लागो."

निकाल अजून लागायचाय. नूतन खळ्यात दहापैकी सात वेळा हाकेला येतो. समोर कोंबडी असली तर दहापैकी शून्य. काका म्हणतात की ऐन वयात आल्यावर तो शिकलेलं पुन्हा विसरल्यासारखं करेल, तेव्हा घाबरायचं नाही, परत पहिल्यापासून सुरू करायचं. कपाटावरचा चार्ट मी काढलेला नाही. फक्त 'चार आठवडे' खोडून तिथे 'एक वर्ष, कमीत कमी' असं लिहिलंय.

खाली आजीने कोणाकडून तरी लिहून घेतलंय: "आणि बांगडे."