पाण्यावरचें हळदीकुंकू

खडकवासल्याच्या धरणावर पुणेकर मंडळी सहलीला जातात, तीं बहुधा कणसें व भजीं यांच्या ओढीनें. इंग्रजी अमदानींतील हें जुनें धरण १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतच्या लोंढ्यानें फुटलें व पुढें तें पुनः बांधून काढण्यांत आलें, ही हकीकत वडील माणसांकडून मुलांच्या कानीं पडलेली असते. परंतु त्याच पाण्यावर बसलेल्या पाखरांचीं नांवें विचारलीं, तर 'बगळा' आणि 'बदक' यांपलीकडे आमची मजल क्वचितच जाते.

नांवें नाहींत असें मुळींच नाहीं. तीं आमच्याच घरांत आहेत, पण विभागून. आजीच्या बोलण्यांत टिटवी, खंड्या, धोबी, भारद्वाज सारे येतात. पण तिच्या डोळ्यांना आतां दूरचें दिसत नाहीं. नातवाच्या गळ्यांत दुर्बीण असते, त्याला चोंचीवरचा ठिपकाहि दिसतो. पण त्याच्या तोंडीं येतें तें नांव इंग्रजी पुस्तकांतलें. डॉ. सलीम अली यांनीं १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ इंग्रजींत दिला, त्याचे उपकार कोण नाकारील? परंतु मारुती चितमपल्ली यांनीं ठिकठिकाणचीं मराठी नांवें वेंचून 'पक्षिकोश' सिद्ध केला, तो आमच्यापैकीं किती जणांच्या कपाटांत आहे, हें ज्याचें त्यानें पाहावें.

वास्तविक मराठी नांव हीच पुष्कळदां पाखराची खूण असते. काळ्या चोंचीचें टोंक पिवळें आणि मुळाशीं दोन तांबडे ठिपके, अशा बदकाला 'हळदीकुंकू' म्हणावयाचें प्रथम कोणाला सुचलें असेल तें असो. त्यापुढें दहा ओळींचें वर्णन फिकें पडतें. तसाच वारकरी. अंग काळेंभोर, चोंच पांढरी, आणि तो पांढरेपणा वर कपाळापर्यंत चढलेला, जणूं टिळाच! काठच्या खडकांवर शेपटी वरखालीं आपटीत चालणारा धोबी तर दगडावर धुणेंच बडवीत असतो. ढोकरी काठावर बसली असतां मातीच्या रंगांत अशी मिसळून जाते कीं अगदीं पायाशीं येईपर्यंत ती दिसत नाहीं. उडाली म्हणजे मात्र पांढरेशुभ्र पंख उघडतात. तिला 'वंचक' असेंहि म्हणतात. ज्यानें हें नांव ठेविलें, त्याची दृष्टि तीक्ष्ण खरी.

तथापि नांवावर सर्वस्वीं भिस्त ठेवून चालत नाहीं. नुसतें 'पांढरा बगळा' म्हटल्यानें काय कळलें? गुरांच्या पायांत घोटाळणारा, पिवळ्या चोंचीचा तो गायबगळा. चोंच काळी, पाय काळे आणि पावलें मात्र पिवळीं धमक, तो छोटा बगळा. खंड्याचेंहि तेंच. तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा, निळ्या पाठीचा खंड्या पाण्यापासून दूर तारेवर बसून टोळहि मटकावतो. काळापांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागीं पंख फडफडवीत थांबतो व एकदम सूर मारतो. येथें नातवाच्या दुर्बिणीवांचून आजीचा शब्द अपुरा पडतो.

टिटवी रात्रीं ओरडली कीं कांहींतरी अशुभ घडतें, ही समजूत मात्र पुढच्या पिढीला देऊं नये. ती उघड्या खडीवर अंडीं घालते. कोणी जवळ आलें असतां तिनें ओरडूं नये तर काय करावें?

आणि चक्रवाक! संस्कृत काव्यांत रात्रीं जोडीदाराच्या विरहानें व्याकुळ होणारा हा पक्षी केवळ कविकल्पना आहे, असें मानणारे विद्वान् आम्हांला भेटले आहेत. पक्षी खरोखरीचा आहे. अंग नारिंगी-तपकिरी, डोकें फिकट, आकारानें साध्या बदकाहून मोठा. लडाख-तिबेटकडील उंच प्रदेशांत वीण करून तो हिंवाळ्यांत आपल्याकडे उतरतो. इंग्रजांनीं त्याला 'ब्राह्मणी बदक' म्हटलें. त्यांत आम्हीं भूषण मानावें कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. मार्गशीर्ष-पौषांत, गर्दी जमण्यापूर्वीं, सकाळीं लवकर धरणाच्या मागच्या पाणथळ काठाकडे जावें. आजीलाहि बरोबर न्यावें. फार तर तिला गाडींतच बसूं द्यावें. चक्रवाक आलेले असले, तर त्यांचा 'आंग् आंग्' असा मोठा घोगरा आवाज तिला तेथवर ऐकूं येईल, आणि तो कोणाचा हें नातवानें खिडकीशीं येऊन सांगावें.