गिलानचा व्यापारी, औशाचा किल्ला

लातूरहून तुळजापूरच्या रस्त्याने निघालं की वीसेक किलोमीटरवर औसा लागतं. अगदी जवळ जाईपर्यंत किल्ला दिसत नाही. सखल जागेतला हा भुईकोट, भोवती उंचवटे. आतल्या उंच बुरुजावर चढलो तेव्हा मात्र लांबून येणारी वाट स्वच्छ दिसली आणि जागा हेरणाऱ्याची नजर कळली.

किल्ल्याची उभारणी महमूद गवानच्या नावावर सांगतात. हा मूळचा इराणातल्या गिलानचा व्यापारी. 1453 च्या सुमारास तो दाभोळ बंदरात उतरला आणि घाट चढून बिदरला आला. वय चाळिशीपलीकडचं. माल विकावा, एका सूफी संताची गाठ घ्यावी, एवढाच बेत. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदने त्याला दरबारात ठेवून घेतलं आणि पुढच्या दोन दशकांत तो राज्याचा वजीर झाला. 1472 मध्ये त्याने गोवा जिंकलं. त्याच सुमारास बिदरला त्याचा मदरसाही उभा राहिला.

औशात मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते पाणीमहालाने. वर हौद, खाली दालन. हौदाचा तळ तोच दालनाचा माथा. पायऱ्या उतरून आत गेलं की बाहेरचं ऊन एकदम तुटतं. वरच्या पाण्याचा थेंबही खाली झिरपू नये अशा हिशेबाने इथला चुना आणि दगड बसवलेला आहे. छतावर तळवा टेकवून पाहिला. गार आणि कोरडा. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्या एवढ्या जवळ ही कारागिरी आहे. आमच्या मुलांच्या सहली इथे यायलाच हव्यात.

गवानचा घात मात्र किल्ल्यांच्याच हिशेबाने केला. राज्याचे चार सुभे होते, त्याने आठ केले. प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीचे थेट सुलतानाच्या ताब्यात घेतले. कारभार सुधारला, पण सरदार दुखावले. आधीच दख्खनी आणि परदेशी अशी दरबाराची फाळणी होती. विरोधकांनी त्याचा शिक्का मिळवून ओरिसाच्या राजाच्या नावाने फितुरीचं खोटं पत्र तयार केलं. सुलतान महंमद तिसरा याने शहानिशा न करता 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरीतल्या वजिराचं डोकं उडवलं. इतिहासकार फरिश्ता लिहितो, की हा माणूस चटईवर झोपायचा, मातीच्या भांड्यात जेवायचा. वर्षभरात सुलतानही गेला. त्यानंतर बहमनी राज्याची पाच शकलं झाली.

औशाचं दैव असं, की त्याचा पुढचा मोठा धनीही दूरदेशचाच निघाला: मलिक अंबर. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा पेशवा झालेला. त्याच्या नावावरून औशाला काही काळ अंबरपूर म्हणत, असं सांगतात. अंबर 1626 मध्ये वारला. दहा वर्षांनी, 1636 मध्ये, मुघल बादशहा शहाजहानचा सरदार खानदौरान याने उदगीर आणि औसा दोन्ही किल्ले घेतले. बुरुजांवरच्या तोफा अजून जागेवर आहेत.