फिल्म धरणारं बोट

दवाखाना सुरू केला त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. सात वर्षांचा मुलगा, दाढ ठणकत होती आणि फिल्म तोंडात ठेवली की त्याला उमासे यायचे. तीनदा फिल्म थुंकून झाली. चौथ्या वेळी मी सरळ माझं बोट त्याच्या तोंडात घातलं, फिल्म दाढेमागं दाबून धरली आणि कंपाउंडरला म्हटलं, "दाब बटण." एक्स-रे झकास आला. आईनं आभार मानले. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं असावं, कारण पुढं वर्षभर रडक्या पोरांच्या बाबतीत मी हाच उद्योग करत राहिलो.

हे बोट आमच्या व्यवसायाला किती महाग पडलंय, ते मला फार उशिरा कळलं. राँटगेननं क्ष-किरण शोधले ८ नोव्हेंबर १८९५ला. दोनच महिन्यांत, जानेवारी १८९६मध्ये, ब्राउनश्वाइग गावच्या ओटो वॉल्कहॉफ या दंतवैद्यानं स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढून घेतला. काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच तोंडात धरून तो पंचवीस मिनिटं निश्चल राहिला. आज माझ्या खुर्चीवर तेच काम सेकंदाच्या छोट्याशा अंशात होतं, तरी पेशंट विचारतो, "झालं का?"

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनीही त्याच सुमारास हे काम हाती घेतलं. त्या काळी एक्स-रेची नळी नीट चालतेय का हे पाहायला तिच्यासमोर स्वतःचा हात धरायची पद्धत होती. पडद्यावर हाडं स्पष्ट दिसली की नळी जुळली. वर्षानुवर्षं हेच चाललं. आधी कातडी गेली, मग बोटं, मग हात. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि १९२८मध्ये त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. वाईट याचं वाटतं, की सावध करणारा माणूस आमच्यातलाच होता. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१मध्येच गिनिपिगांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की हे किरण जीव घेऊ शकतात. नळी शिशानं झाका, पेशंटचं नको ते अंग झाका, असं ते सांगत राहिले. फार थोड्यांनी ऐकलं.

म्हणजे धोका आधी आला तो एक्स-रे काढणाऱ्याच्या वाट्याला. पेशंटला मात्र उलटं वाटतं, आणि त्याचं कारण आम्हीच. "काही होत नाही हो," असं म्हणत आम्ही बटण घेऊन भिंतीआड जातो! एका आजींनी मला तोंडावर विचारलं होतं, "डॉक्टर, काही होत नाही तर तुम्ही का पळता?" त्यांना जे उत्तर दिलं तेच आजही देतो. आजी, तुमचा फोटो वर्षातून एखादा. मी दिवसाला दहा काढतो, आणि त्यातला एकही माझ्या उपयोगाचा नसतो.

आकड्यांत सांगायचं तर जमिनीतून, आकाशातून, हवेतून, अन्नातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतच असतो. दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. दाताचा एक छोटा एक्स-रे त्याच घरातला, बहुधा कमीच. पूर्ण जबड्याचा ओपीजी काही दिवसांइतका. सीबीसीटीचं, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनचं, मात्र तसं नाही. किती भाग घेतला यावर तो दहा-वीस मायक्रोसिव्हर्टपासून कित्येकशेपर्यंत जातो. अक्कलदाढेचं मूळ नसेला टेकलंय अशी शंका असेल किंवा इम्प्लांट बसवायचं असेल, तर तो जरूर काढावा. साध्या किडीसाठी सीबीसीटी लिहून देणाऱ्याला मी तरी 'का?' असं विचारीन.

गरोदर बायका सर्वांत जास्त घाबरलेल्या असतात. दातावर रोखलेल्या झोताचा पोटापर्यंत पोचणारा अंश नगण्य असतो. दुखणं तातडीचं असेल तर एक्स-रे काढायला हरकत नाही. थांबण्यासारखं असेल तर थांबावं. पण गळू अंगावर काढणं आई आणि बाळ दोघांनाही जड जाऊ शकतं.

आता त्या शिशाच्या एप्रनबद्दल. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४मध्ये सांगून टाकलं, की दातांच्या एक्स-रेसाठी पेशंटला एप्रन आणि गळपट्टा घालायची गरज उरलेली नाही. शरीराच्या आत विखुरणारे किरण एप्रननं अडत नाहीत, आणि ओपीजी काढताना गळपट्ट्याची सावली नेमकी जबड्यावर पडते. मग फोटो पुन्हा काढा. खरी बचत झोताच्या आकारात आहे. आमच्या यंत्राचं तोंड गोल, सात सेंटिमीटर व्यासाचं. फिल्म तीन बाय चार. हिशेब करा, दोन तृतीयांश झोत फिल्मच्या बाहेर, म्हणजे फुकट गालावर. यंत्राच्या तोंडाशी चौकोनी भोकाची पट्टी बसवली की तो थांबतो. हे स्वस्तातलं काम किती दवाखान्यांत होतं, यावर न बोललेलं बरं.

माझा एप्रन मात्र खुंटीवर आहे. मूल अगदीच ऐकेना तर फिल्म धरायला आईला किंवा बाबांना उभं करतो, आणि एप्रन त्यांच्या अंगात घालतो. त्यांच्यावर अशी वेळ वर्षातून एखादी. मी किंवा कंपाउंडर उभे राहिलो तर रोजची. बहुतेकदा ती वेळही येत नाही. प्लास्टिकचा होल्डर मिळतो, त्यावर मूल स्वतःच चावतं. तो मी पहिल्याच वर्षी का घेतला नाही? कारण बोट फुकट होतं.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. तारापूरच्या अणुभट्टीवर देखरेख ठेवणारं, १९८३मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळच माझ्या या बादलीएवढ्या यंत्रावरही लक्ष ठेवतं. यंत्राची तिथं नोंदणी लागते. तुमच्या दंतवैद्याला नोंदणीचा कागद दाखवायला सांगा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

यंत्रापेक्षा मला भीती वाटते ती सवयीची. 'पॅकेजमध्ये एक्स-रे फुकट' अशा पाट्या हल्ली दिसतात. फुकट आहे म्हणून काढलेला एक्स-रे हा मुळात अनावश्यक एक्स-रे. आणि गेल्या महिन्यात काढलेला एक्स-रे घरी राहिला म्हणून नवा काढावा लागतो, तोही तसाच. तेव्हा पुढच्या वेळी येताना जुना एक्स-रे बरोबर आणा. आरव्हीजी, म्हणजे डिजिटल एक्स-रे, काढला असेल तर संगणकातली फाइल मागून घ्या. पैसे तुम्ही दिलेत, किरणही तुम्हीच घेतलेत.